राणीच्या नावाची माझी पोरगी

देशातले राजे सरकारनं कायदा करून संपवले, आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्या गावात राणी आली. आमच्या गावाचं असंच. वीज उशिरा आली, डांबरी रस्ता उशिरा आला, राणीसुद्धा राण्या संपल्यावर आली.

मेडशीपासून पायी तासाभरावर आमचं गाव. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. गावात एक गढी. गढीवाले मोठे जमीनदार, पण राजे कधीच नव्हते. गावाच्या तोंडी मात्र 'राजे' बसलं होतं. शेंबडं पोरगं असलं तरी 'बाळराजे'. माझी शाळा दोन वर्गांची, तीही दाराबाहेर बसून झालेली, पण ज्याला राज्य नाही तो राजा कसा, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी असं बोललो की लोक म्हणायचे, "तुले काय कराचं हाय बाप्पा?" हे मी आयुष्यभर ऐकलं. मला करायचं होतं. म्हणून तर हे लिहितो आहे.

यात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. भीतीनं नाही, भ्यायचं वय गेलं. ज्यांना आपलं नाव कोणी तोंडातून काढू नये असं वाटत होतं, त्यांची हौस मी इथं पुरी करतो. आणि माझ्या पोरीचं नाव लिहायचं की नाही हे तिच्या हातात आहे. मी विचारलं, ती नको म्हणाली.

आमच्या वस्तीत आधी नावं कशी ठेवली जायची ते सांगितल्याशिवाय माझा राग कळणार नाही. मूल झालं की बाराव्या दिवशी बाळंतीण लेकरू घेऊन गढीच्या फाटकाबाहेर उभी राहायची. आतून कोणी बाई विचारायची, पोरगा का पोरगी. मग आतूनच नाव यायचं. लेकराचं तोंडसुद्धा कोणी पाहिलेलं नसायचं. माझ्या बापाचं नाव उकिरड्यावर जे टाकतात त्याचं होतं. आत्याचं नाव घेतलं की नाक दाबावं लागायचं. मी ज्या वारी जन्मलो त्या वाराचं नाव मला मिळालं, म्हणजे त्या दिवशी आतल्या बाईला विचार करायचाही कंटाळा आला असेल. कोणी हौसेनं लेकराला बरं नाव ठेवलं तर गढीवरून विचारणा यायची, देवाचं अन् राजाचं नाव तुमाले कशाले पाह्यजे. मग ते नाव घरात राहायचं आणि बाहेर दुसरं लागायचं.

छप्पन साली आम्ही बुद्धाचा धम्म घेतला. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावाची फुकट कामं सोडली. मी मनातून जे पहिलं सोडलं ते त्या फाटकाबाहेर उभं राहणं.

माझी पोरगी झाली ती वाशीमच्या सरकारी दवाखान्यात. बायको दोन दिवस अडली होती, बैलगाडीत घालून नेलं. तिथल्या नर्सबाईनं माझ्या बायकोचा हात पूर्ण वेळ सोडला नाही. आमच्या बाईचा हात असा कोणी धरलेला मी तोवर पाहिला नव्हता. नर्सबाईच्या पदराला नावाची पट्टी लावलेली होती. मी एकेक अक्षर जोडत ती वाचली. तीन अक्षरं होती. माझ्या दोन वर्गांच्या शाळेचा तेवढा एक उपयोग झाला.

निघताना मी तिला म्हणालो, "बाई, तुमचं नाव पोरीले ठेवलं तर चालन का?"

ती हसली. म्हणाली, "मला काय विचारता? नाव काय कोणाच्या सातबाऱ्यावर असतं का?"

ते वाक्य मी घरी घेऊन आलो. पोरीबरोबर तेही आमच्या घरात वाढलं.

पोरगी सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात गढीवरच्या मोठ्या पोराचं लग्न ठरलं. मुलगी खऱ्या संस्थानातली. तिचा आजोबा खरोखर गादीवर बसलेला राजा होता, असं सांगत. झालं, गाव पिसाळलं. दोन महिने दुसरा विषय नाही. गावचं हॉटेल म्हणजे एसटीच्या थांब्यापाशी एक टपरी. तिथं आमच्या लोकांचा कप वेगळा, बाहेरच्या खुंटीला टांगलेला. मी उभ्यानं चहा पीत आतलं बोलणं ऐकायचो.

न्हावी, गढीवर हजामत करणारा म्हणून स्वतःला अर्धा प्रधान समजायचा, तो म्हणाला, "पोरगी हत्तीवरून येनार हाय."

"हत्ती खाईन काय आपल्या गावात?" हॉटेलवाला म्हणाला.

"तुही टपरी खाईन. आधी चहा टाक."

एक जण वाशीमला कोर्टात कारकुनाच्या हाताखाली होता. तो म्हणाला, "राजे-बिजे आता राह्यले नाही गा. तनखा गेला, पदवी गेली. कागदोपत्री ते तुह्या-माह्यासारखे."

"कागदावर गेले," न्हावी म्हणाला. "रक्तातून जातात काय?"

"रक्त तपासाचा वस्तरा तुह्याच जवळ हाय, तूच सांग," मी बाहेरून म्हणालो.

मग न्हावी म्हणाला, "ह्याचा कप घासून ठेवजा रे," आणि सगळे हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. हसणाऱ्यांत अर्ध्यांच्या पायात चप्पल नव्हती आणि ते राजाची बाजू लढवत होते.

लग्नाची बातमी अकोल्याच्या एका पेपरात आली, चार ओळींची. त्यात नवऱ्याच्या नावामागे फक्त 'श्री' होतं आणि मुलीच्या नावामागे 'कुमारी'. गढीचा दिवाणजी हॉटेलात आला आणि पेपर घडी करून खिशात घालून गेला. एकच पेपर यायचा गावात. तो गेला तर बातमी गेली, असं त्याला वाटलं असेल. न्हाव्याला तर रडू यायचं बाकी होतं. "श्री म्हनते. वाण्यालेही श्री अन् राज्यालेही श्री." वाणी तिथंच बसला होता. त्यालाही ते पटलं. हे मला कधी कळलं नाही, की स्वतःची किंमत कमी झालेली माणसाला इतकी गोड कशी लागते.

लग्न तिकडे त्यांच्या गावी लागलं. आमच्याकडे वरात यायची होती आणि गावजेवण होतं. हत्तीची बातमी रिसोडपर्यंत पोचली होती. लोक बैलगाड्या जुंपून आले होते. आली एक काळी मोटार. ती नाल्यातल्या वाळूत रुतली. दिवाणजीनं आमच्या वस्तीकडे बोट केलं, "या रे, लावा हात." आमच्या पोरांनी मोटार ढकलून वर काढली. ढकलायला आमचे हात चालले. नंतर मोटारीवरचे विसकटलेले हार सारखे करायला गावातल्या पोरांना बोलावलं. आणि आमच्यातलेच काही महिनाभर सांगत फिरत होते, मी राणीच्या मोटारीले हात लावला. माझ्या सख्ख्या मेहुण्यानं त्या दिवशी हात धुतले नाहीत. त्याच्याशी मी पोळ्यापर्यंत बोललो नाही.

मी जेवायला जाणार नव्हतो. पोरगी हटून बसली, तिला राणी पाहायची होती. बायको म्हणाली, "तुमी नका येऊ, आमी जातो." मग गेलो. आमची पंगत गढीच्या भिंतीला लागून, फाटकाबाहेर. फाटक उघडं होतं, आतलं दिसत होतं. पायऱ्यांवर चौरंग मांडला होता.

सगळ्यांना माहीत आहे, नवरी सासरी आली की ताटातल्या तांदळात नवरदेव अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो. गढीवर ते काम चांदीच्या ताटात झालं. लिहून झालं, भटजी उठला, पायरीवर आला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं ते नाव सांगितलं.

आणि माझी पोरगी पंगतीतून उभी राहिली. "हौ, आली," म्हणाली.

तिला वाटलं तिलाच बोलावलं. हाक आली की ओ द्यायची, एवढंच तिला आम्ही शिकवलं होतं. ती पत्रावळ ओलांडून फाटकाकडे निघाली, बायकोनं झगा धरून तिला खाली बसवलं. आमची पंगत हसली, मग आतलेही काही हसले. भटजी हसला. नवरीसुद्धा कोण म्हणून वाकून बघायला लागली. दिवाणजी हसला नाही. तो पायरीवर उभा राहून पंगतीतली माणसं एकेक करून बघत होता. ती कोणाची पोरगी ते शोधत होता.

चार दिवसांनी दवंडी झाली. गावचा कोतवाल माझा चुलतभाऊ. सरकारचा नोकर, पण दवंडी गढीची द्यायचा. नव्या राणीसाहेबांचं नाव गावात कोणी घ्यायचं नाही, राणीसाहेब म्हणायचं. अन् कोन्या पोरी-बाईचं तेच नाव असन तर आठ दिवसांत बदलून घ्याव. गावभर हे सांगून तो आमच्या गल्लीत आला. माझ्या दारापुढं डफ वाजवला आणि पहिलंच वाक्य बोलून गप्प झाला.

"पुढचं सांग ना," मी म्हणालो.

"तुले मालूम हाय पुढचं."

"मले तुह्या तोंडून आयकाचं हाय."

त्यानं डफ काखेत घातला. "दादा, लेकरं हायेत मले," म्हणाला आणि गेला.

त्याच्यावर मी तेव्हा चिडलो. आता वाटतं, न बोललेलं ते वाक्य त्यानं त्याच्या परीनं माझ्यासाठी गिळलं होतं.

आठ दिवस गेले, महिना गेला. शाळा सुरू झाली, पोरगी दुसरीत गेली. मी काही केलं नाही. मग एक दिवस दिवाणजी स्वतः आला. वस्तीत आला नाही, आमच्या लिंबाच्या झाडापाशी थांबला आणि तिथून बोलावलं. मी गेलो. चार-दोन माणसं जमली.

"पोरीचं नाव बदललं काय रे?"

"नाही."

"काहून?"

"तिच्या अंगाले बरोबर बसते."

दिवाणजी माणूस हुशार. त्यानं आवाज चढवला नाही. "अरे, थोडा विचार कर. तुही बायको सकाळपासून बोंबलते, अवं अमके, शेण उचल. अवं अमके, मेली काय तिकडं. रस्त्यानं जानारा मानूस काय म्हनन? राणीसाहेबाच्या नावानं शेण उचलाले सांगून राह्यली."

लोक हसले. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्याच्या घरचं असतं तर.

"मंग राणीसाहेबाचंच बदला ना," मी म्हणालो. "माह्या पोरीचं सात वर्षांचं हाय, त्यायचं दोन महिन्याचं. ज्यायचं नवं, त्याईनं बदलावं."

आता कोणी हसलं नाही. दिवाणजी म्हणाला, "खर्चाची काळजी करू नको. बारसं नव्यानं करू. साखर गढीवरून येईन. पोरीले झगा, बायकोले लुगडं. नावही आतूनच सुचवतील."

तो 'आतून' शब्द त्यानं बोलायला नको होता. तोवर मी नुसता अडून होतो. माझी माय बारा दिवसांचं लेकरू घेऊन त्या फाटकाबाहेर उन्हात उभी आहे, हे मला दिसलं. मी दिवाणजीला म्हणालो, आतून आलेली नावं आमी तीन पिढ्या वापरली, आता पुरे. आणि पाठ फिरवून घरी आलो. गढीच्या दिवाणजीकडे पाठ फिरवायची नसते. त्यालाही एक रीत होती, दोन पावलं मागे सरून मग वळायचं.

दुसऱ्या दिवशी बायको गढीच्या शेतात निंदणाला गेली, तर तिला धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरूनच, परत पाठवलं. मग वस्तीतल्या बाकीच्या बायांनाही सांगितलं गेलं की त्या घराशी बोलणार असाल तर उद्या येऊ नका. श्रावण होता. त्या दिवसांत निंदणाशिवाय दुसरं काम नाही. संध्याकाळी म्हातारी माणसं माझ्या दारात आली. आमचीच माणसं, माझ्याबरोबर धम्म घेतलेली.

"नाव काय घासाले लागते काय, बाबू," एक म्हातारा म्हणाला. "ठेव दुसरं. चांगलंच ठेव. कोन वाईट ठेव म्हनते?"

"तुमचं नाव काय हाय, बाबा?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. त्याचं नाव माझ्या बापाच्या नावाच्या जोडीचं होतं. हे मी बोलायला नको होतं, म्हातारा माझ्या बापाच्या बरोबरीचा होता. पण मी तेव्हा कोणालाही सोडत नव्हतो.

गावानं आपल्यापरीनं तोडगा काढला. पोरीला कोणी नावानं हाक मारेना. 'लहानी', 'ह्याची पोरगी', 'अवं इकडं'. वाण्याच्या दुकानात गेली तर वाणी म्हणे, "काय पाह्यजे सात वर्षांच्या राणीसाहेब?" आणि दुकानातले हसत. तिच्याबरोबर खेळणाऱ्या पोरींच्या मायांनी त्यांना बजावलं होतं. पोरी लगोरी खेळताना तिला 'तू' म्हणून खेळवायच्या. मला हे हळूहळू कळत गेलं. पोरगी सांगत नव्हती.

मग एका संध्याकाळी ती अंगणात बसून मातीत काही लिहीत होती. मी पाहिलं, सतरा लिहिलं होतं.

"हे काय वं?"

"मी हाये," ती म्हणाली. "मास्तर आता सतरा म्हनते. मी हजर म्हनतो."

मी तसाच शाळेत गेलो. शाळा म्हणजे गढीच्या मालकीच्या दोन खोल्या, गढीच्या भिंतीला लागून. मास्तर एकटाच, बाहेरगावचा, राहायलाही गढीच्याच जागेत. माणूस वाईट नव्हता. त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं.

"पहा भाऊ, नाव तेच आहे. मी खोडलं नाही. दिवाणजींनी अर्ज लिहून आणला होता, नाव बदलाचा. तुमच्या अंगठ्याला जागा सोडून. मी सांगितलं, बाप आल्याशिवाय होणार नाही."

"मंग हाक काहून मारत नाही?"

"सगळ्या वर्गालाच नंबर लावले मी. तिला एकटीला वाटू नये म्हणून."

त्याला वाटलं मी त्याचे आभार मानीन. चाळीस पोरांची नावं यानं एका गढीच्या भ्यावानं झाकून ठेवली आणि वर ते माझ्या पोरीच्या भल्यासाठी. मी तो अर्ज मागितला. अंगठ्याच्या जागेवर, मला येत होत्या तशा मोठ्या वाकड्या अक्षरांत, पोरीचं नाव लिहिलं आणि परत दिला. म्हटलं, हे द्या दिवाणजीले.

दोन दिवसांनी निरोप आला. राणीसाहेबांनी पोरीला घेऊन बोलावलं आहे. बायको म्हणाली, चपला काढून जाजा. मी नाही काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा फाटकाच्या आत गेलो, पोरीचा हात धरून.

राणी ओसरीत उभी होती. विशीतली पोरगीच. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. खाली वाकून तिनं माझ्या पोरीला विचारलं, "तूच का गं ती, त्या दिवशी ओ देणारी? काय नाव तुझं?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. दिवाणजीकडे पाहिलं. "सतरा," म्हणाली.

माझ्या अंगातून आग गेली. पोरीवर नाही. चार महिन्यांत सगळ्यांनी मिळून तिच्या तोंडातून तिचं नाव काढून घेतलं होतं, आणि मी तिथं चपला घालून ताठ उभा होतो.

राणीला आधी हसू आलं, मग कळलं असावं. ती म्हणाली, आणि खरं सांगतो, मनातून चांगलंच म्हणाली, "हे बघ, मी तुला माझं माहेरचं नाव देते. छान आहे. ते आता रिकामंच आहे."

दिवाणजीनं मान हलवली, केवढं मोठं मन म्हणून.

मी म्हणालो, "रिकामं हाय तर तुमीच परत घ्या ना, बाई."

राणीसाहेब म्हणायला विसरलो असं नाही, म्हणायचंच नव्हतं. तिचा चेहरा कसा झाला ते मी नीट सांगू शकत नाही. राग नव्हता. तिनं पदर सारखा केला आणि आत गेली. दिवाणजी म्हणाला, "फाटकाच्या बाहेर हो पह्यले." मी म्हणालो, "होतो. आत याची मले कुठं हौस होती."

परत येताना पोरीनं विचारलं, "बाबा, तिचं पह्यलं नाव काय होतं?"

"मले काय मालूम."

"मंग थे आता कोन घेईन?"

"गप चाल," मी म्हणालो. मला त्या बाईविषयी विचार करायचा नव्हता. माझा राग मला पुरत नव्हता, त्यात तिचं कुठं घेऊ. पण तो प्रश्न राहिला. तिलाही कोणी विचारलं नसेल, एवढं मी आज मान्य करतो. याहून जास्त नाही.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "नाव पोरीचं हाय का तुमच्या अकडीचं हाय? तिले इचारलं काय कधी?"

खरंच विचारलं नव्हतं. मी पोरीला समोर बसवलं. म्हटलं, "सांग, बदलू काय? तू म्हनशीन तर बदलतो. गढीवरचं नाही, तुह्या मनाचं ठेवू." ती उठून शेरडाला पाला टाकायला गेली. मला वाटलं, संपलं. पोरगी थकली. तिनं हो म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता, पण गढीला मरेपर्यंत दिला असता.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मास्तर माझ्या दारात आला. वस्तीत येणारा तो पहिला मास्तर. छत्री मिटून उभा राहिला.

"भाऊ, तुमची पोरगी शाळेत रोज येते."

"येते ना."

"पण हजेरीत ती रोज गैरहजर आहे. मी सतरा म्हणतो, ती बोलत नाही. समोर बसलेली असते, माझ्याकडं बघत असते, पण हजर म्हणत नाही. पहिल्या दिवशी वाटलं ऐकू आलं नसेल. छडी मारली तरी बोलली नाही. मला गैरहजेरी मांडावी लागते. आता इतके दिवस झाले की नियमानं तिचं नाव पटावरून कमी करावं लागेल. तुम्ही समजवा तिला."

मला यातलं काही माहीत नव्हतं. पोरगी रोज सकाळी पाटी घेऊन जायची, दुपारी यायची. छडीचंही सांगितलं नव्हतं. मी मास्तरला पहिल्यांदा छडीबद्दल जे बोलायचं ते बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग म्हणालो, "मी कायले समजवू? तुमी हाक मारा."

"मला इथं राहायचं आहे, भाऊ."

"तिलेही इथंच राह्याचं हाय."

बायकोनं मास्तरला पाणी दिलं. पाणी त्यानं घेतलं आणि प्यायलाही. मग छत्री उघडून गेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या दाराबाहेर जाऊन बसलो, लहानपणी बसायचो त्याच जागी. आत हजेरी सुरू झाली. मास्तरनं चौदा म्हटलं, पंधरा म्हटलं, सोळा म्हटलं. मग थांबला. मग माझ्या पोरीचं नाव घेतलं, तोंडात गुळाचा खडा असावा तसं, अर्धं आतल्या आत.

मी दारातून डोकावलो. पोरगी सरळ बसली होती.

"आयकू नाही आलं, गुर्जी," ती म्हणाली.

पोरं हसली नाहीत. मास्तरनं रजिस्टर खाली ठेवलं, भिंतीकडे पाहिलं, त्या भिंतीपलीकडे गढी होती. आणि त्यानं ते नाव घेतलं, मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून, भटजीनं घेतलं होतं तेवढ्या आवाजात.

"हजर," ती म्हणाली.

मग अठराव्या पोराचंही त्यानं नाव घेतलं, नंबर नाही. पुढच्या सगळ्यांची घेतली.

गढीवाल्यांनी माझ्या बायकोला त्या वर्षी कामावर घेतलं नाही, पुढच्याही घेतलं नाही. आम्ही तुरीच्या सोंगणीला मेडशीकडे जात होतो, चालत. वाणी हसायचा तो हसतच राहिला. न्हाव्यानं माझी दाढी कधी केली नाही, मीही त्याला करू दिली नसती. गावानं माफी मागितली वगैरे काही झालं नाही आणि मीही गावाला माफ केलेलं नाही.

पण त्या दिवशी शाळेतून आल्यावर पोरगी पाटी टाकून खेळायला पळाली. संध्याकाळी माझी बायको दारात आली. दिवाणजी येऊन गेल्यापासून ती पोरीला 'अवं' म्हणून, हलक्या आवाजात बोलवत होती. तिनं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि गढीच्या बुरुजावर बसलेली पारवं उडतील अशी हाक मारली. आधी पोरीचं नाव, सबंध. मग, मेली काय तिकडं, शेण कोन उचलन.

पोरगी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथूनच ओरडली, "हौ, आली."